अप्पांना बाजार दाखवू नका, बस्ता बांधायला न्या

ताई, नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, 81 वर्षांचे आहेत. सोलापूरला चाटी गल्लीत एका कापडाच्या पेढीवर ते 43 वर्षं होते. सतराव्या वर्षी ताके उचलायला लागले आणि दिवाणजी होऊन घरी बसले. ती पेढी आता नाही. मालकांच्या मुलांच्या वाटण्या झाल्या, जागा विकली गेली. आई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून अप्पा शुक्रवार पेठेतल्या घरात एकटेच असतात. दादा आणि मी दोघंही पुण्यात. दिवाळीनंतर त्यांना इकडे आणायचं आम्ही ठरवलंय.

रोज संध्याकाळी फोनवर ते जुन्या बाजाराचंच बोलतात. टिळक चौकापासून सुरू करतात आणि एकेक दुकान घेत पुढे जातात. दादा वैतागतो, कारण एकच दुकान सोमवारी उजव्या हाताला असतं आणि गुरुवारी डाव्या. शिवाय मधल्या मारुतीजवळच्या एका कासाराचे साडेचार रुपये द्यायचे राहिलेत, हे महिन्यातून दोनदा तरी ऐकवतात. त्या कासाराचं दुकान उठून तीस वर्षं झाली. दादा म्हणतो, अप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मला वाटतं, इकडे आणण्याआधी एकदा त्यांना सगळा जुना बाजार फिरवून आणावा, जमलं तर व्हिडिओ करावा. माझंही लहानपण त्याच गल्ल्यांत गेलंय. पण जुन्या दुकानांच्या जागी मोबाईलची दुकानं बघून ते खचले तर? नेऊ की नको? आणि ते चुकीचं सांगतात तेव्हा दुरुस्त करू की नको? गडबडीत लिहितेय, माफ करा. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे, पितृपक्ष संपला की इथल्याच एका मोठ्या दुकानात बस्ता करायचाय. तुम्ही सोलापूरच्या, म्हणून विचारलं.

एक वाचक, पुणे

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्याबरोबर टिळक चौकातून आत शिरले आणि भलतीकडेच भटकत राहिले. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीपाशी ठेच लागली. मुलीचं लग्न मार्गशीर्षात, आणि बस्ता पुण्यात?

अहो बाई, ज्या माणसानं 43 वर्षं दुसऱ्यांच्या लेकीबाळींचे बस्ते बांधले, त्याच्या सख्ख्या नातीचा बस्ता पुण्यातल्या वातानुकूलित दुकानात व्हायचा. आणि त्या माणसाला चाटी गल्लीत न्यायचं, तर ते फिरवून आणायला? त्यांना आधी हे सांगितलंय का तुम्ही? सांगितलं नसेल तर बरंच झालं. सांगितलं असेल आणि ते काहीच बोलले नसतील, तर त्यांच्या त्या गप्प बसण्याचा विचार करा.

माझं उत्तर एवढंच आहे: न्या, पण काम घेऊन न्या. बाकीचं सगळं हे कसं आणि का ते सांगण्यासाठी.

तुम्हाला त्या बाजाराची आठवण गिऱ्हाईक म्हणून आहे. तुम्ही आईचं बोट धरून गेलात. तुम्हाला रिबिनीचं रीळ आठवतं, वाण्यानं तळहातावर ठेवलेला खडीसाखरेचा खडा आठवतो, सायकलला टांगलेली पिशवी आठवते. मलाही तेच आठवतं. जून महिन्यात अर्ध्या किमतीची जुनी पुस्तकं घ्यायला नव्या पेठेत जायचो आम्ही. आधीच्या मुलानं सोडवून ठेवलेली गणितं मिळाली की पेढे वाटल्यासारखा आनंद. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. पगार झाला की आई संध्याकाळच्या आत बाजार उरकायची, कारण दुसऱ्या दिवशी आख्खी मिल तिथे उतरणार. मिलच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लागायची आणि मिलच्या पगारावर बाजारातली दुकानं. नव्वदीच्या दशकात ती मिल बंद पडली, तेव्हा सगळ्यात आधी बाजाराला घाम फुटला.

अप्पांच्या आठवणी अशा नाहीत. ते त्या बाजारात कामाला होते. सकाळी फळ्या काढायच्या, झाडलोट, पाण्याचा सडा, उदबत्ती. भवानी होईपर्यंत उधारीचं नाव काढायचं नाही. मग दिवसभर ताका उलगडायचा, घडी घालायची, पुन्हा उलगडायचा. रात्री कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मिळाल्याशिवाय घर नाही. अशा माणसाला तुम्ही 'अप्पा, इथे काय होतं हो?' असं विचारत फिरवलंत, तर त्यांच्या हाताला काय काम उरलं? निवृत्त शिक्षकाला शाळेत नेऊन मागच्या बाकावर बसवण्यातलाच प्रकार.

हे मी ऐकीव ज्ञानातून सांगत नाही, मी स्वतः ही चूक केली आहे. माझे मामा कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसायचे. त्या काळी बहुतेक कापडवाल्यांच्या ओट्यावर एक शिंपी असायचाच, गिऱ्हाईक कापड घेऊन उतरलं की पुढच्या पायरीवर माप. आठ वर्षांपूर्वी मी मामांना घेऊन गेले, हातात मोबाईल, तोंडात प्रश्न. मामा, तुमची मशीन कुठे असायची? मामा, तेव्हा शिलाई किती होती? चार प्रश्नांची उत्तरं दिली त्यांनी. पाचव्याला थांबले आणि म्हणाले, 'मी काय लगेच जायलोय काय गं, सगळं आजच विचारून घ्यायलीस?' पुढे एक शब्द नाही. रिक्षात बसून घरी आलो. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे अजून, परत पाहण्याची हिंमत झालेली नाही. म्हणून व्हिडिओचं आधीच सांगते: नको. तुमच्या मुलीला सोबत न्या, तिचे कान तरुण आहेत.

आता काम घेऊन न्यायचं म्हणजे काय? अख्खा बस्ता सोलापुरात करा असं म्हणणार नाही. नवरीचा शालू तिला आवडेल तिथून घेऊ द्या, त्यात आजोबांना ओढू नका, वाद होतील. पण मानपानाचं कापड उरतंच ना? आहेराच्या साड्या, टॉवेल-टोपी, खण, पाहुण्यांना द्यायच्या चादरी. चादरी तर पुण्यातून सोलापूरच्या म्हणून विकत घेण्यात कसला शहाणपणा. ही यादी करा, आकडा ठरवा आणि अप्पांच्या हातात द्या. पैसेही त्यांच्याच हातात. मग मागे उभ्या राहा आणि बघा.

ते कापड आधी बघणार नाहीत, हात लावतील. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतील, उजेडाला धरतील, काठाची मागची बाजू उलटून पाहतील. बोलायला लागतील ते तेव्हा. फोनवर तुम्हाला तेच ते ऐकू येतं, कारण फोनवर हाताला काही लागत नाही.

विचारायचंच असेल तर बाजाराचं विचारू नका, कामाचं विचारा. वाराचा मीटर झाला तेव्हा काय झालं, हे विचारा. तुमच्या हिशेबानं अप्पा साधारण 1962 च्या सुमाराला पेढीवर लागले असणार. म्हणजे नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा बाजारातून वार जाऊन मीटर येत होता. त्याच्या आधी 1957 साली आण्यांचे नवे पैसे झालेले, आणि लोक अजून आण्यांतच बोलायचे. वार 36 इंचांचा, मीटर 39 इंचांहून थोडा मोठा. दोन रुपये वाराचं कापड मीटरला दोन रुपये एकोणीस पैसे व्हायला हवं. पण खेड्यावरून आलेल्या बाईला हे एकोणीस पैसे कुठून आले ते कोण समजावणार? तिला नऊवारी हवी असते, तिला कुणी सव्वाआठ मीटर दिलं तर ती फसवलं म्हणूनच ओरडणार. हा सगळा गुंता सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं ओट्यावर उभं राहून, तोंडी हिशेबानं सोडवला असेल. तेही तीन भाषांत. कानडी गिऱ्हाईक आलं की 'बर्री, बर्री' आणि भाव विचारायला 'एष्टु'. पद्मशाली गिऱ्हाईक आलं की तेलुगू. (तेलुगूत 'या' म्हणायला जो शब्द आहे, तो मराठी कानाला कसा लागतो हे सोलापूरकराला सांगायला नको. नव्या पोराला पहिल्या दिवशी तोच शिकवून सगळी पेढी हसत बसायची.)

आणखी एक विचारा. कापडाच्या पेढ्यांवर ताक्याच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांत लिहीत नसत, अक्षरांत लिहीत. प्रत्येक पेढीचा दहा अक्षरांचा एक ठरलेला शब्द किंवा वाक्य असायचं, एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. गिऱ्हाईकासमोर चिठ्ठी उघडली तरी कापड मालकाला कितीला पडलंय ते त्या गिऱ्हाईकाला कळायचं नाही. तुमच्या पेढीचा शब्द कोणता होता, हे अप्पांना विचारून पाहा. माझी पैज आहे, पेढी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ते सांगणार नाहीत. नातीला कदाचित सांगतील.

'चाटी' या शब्दाचा अर्थ मुलीला सांगा बरं का. जुन्या मराठीत चाटी म्हणजे कापड विकणारा. आताच्या पोरांना ते नाव ऐकून हसू येतं.

तुम्ही विचारलंय, मोबाईलची दुकानं बघून ते खचतील का. मला हा प्रश्न तुमचा वाटतो, अप्पांचा नाही. तुम्ही लग्न होऊन गेलात, तुमच्या डोळ्यांत तो बाजार तुम्ही सोडला त्या दिवशीचाच राहिलाय. अप्पा शुक्रवार पेठेत राहतात. फळ्या जाऊन शटर आलं, गादी जाऊन काउंटर आला, कंदिलाच्या वातींच्या दुकानात आधी कॅसेटी आल्या, मग सीडी, मग मोबाईलची कव्हरं. हे सगळं त्यांनी एकेक करून, रोजच्या रोज पाहिलंय. त्यांना धक्का बसायचा तो केव्हाच बसून जिरलाय. धक्का बसला तर तुम्हाला बसेल. रडू आलं तर खुशाल रडा, पण मग 'अप्पांना सहन झालं नाही' असं दादाला सांगू नका.

आणि जरा स्पष्टच बोलते. त्या बाजाराला सोन्याचा मुलामा द्यायची आपल्याला खोड लागली आहे. माणसं जपणारा बाजार होता, खरं आहे. मोठ्या ताईच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सकाळी दहाला गादीवर बसलो ते दुपारी चारला उठलो. मधे दोनदा चहा आला, धाकट्या भावाला तिथेच तक्क्याला टेकवून झोपवलं, आणि निघताना मालकानं आपल्याकडून एक खण वर घातला. पण त्याच बाजारात भाव माणसाचा पटका बघून सांगितला जायचा. कुणी गादीवर बसायचं आणि कुणी ओट्याखालीच उभं राहायचं, हे न बोलता ठरलेलं असायचं. माझी आई घरातला एकेक पैसा मोजणारी, पण साडी दाखवताना दुकानदार बोलायचा वडिलांशी. 'एकच भाव' अशी पाटी पहिल्यांदा ज्या दुकानांवर लागली, तिथे बायका का वळल्या हे मला आईकडे बघून कळलं. आणि अप्पांसारख्यांची रजा, दुखणं, म्हातारपण सगळं मालकाच्या मर्जीवर असायचं. त्यांचे गुडघे कसे आहेत? दिवसभर उठबस करून करून कापडवाल्या जुन्या माणसांचे गुडघे पहिले जातात. हे विचारायचं कारण आहे, ते पुढे येईल.

डाव्या-उजव्याचं. दादाला सांगा की दोन्ही खरं असू शकतं. दुकानं जागा बदलतात. भावाभावांत वाटण्या झाल्या की एक भाऊ जुन्या जागेत राहतो, दुसरा समोर गाळा घेतो, आणि दोघंही पाटीवर तेच आडनाव लावतात. एकानं 'मूळ' लिहिलं की दुसरा 'जुने' लिहितो. त्यात अप्पा कधी टिळक चौकातून निघत असतील, कधी मधल्या मारुतीकडून परत येत असतील. येताना उजवं ते जाताना डावं. फोनवर ऐकणाऱ्याला चालणाऱ्याचं तोंड कुठे आहे ते दिसत नाही. पुढच्या वेळी दुरुस्त न करता एवढंच विचारा, 'अप्पा, आत्ता तोंड कुठे आहे आपलं?' बघा काय उत्तर येतं.

तरी ही शंका नुसती उडवून लावणार नाही. पंधरा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात दाट असतात, हे सर्वांचंच होतं, त्यात आजार नाही. जुनं लख्ख आठवणं आणि सकाळी काय जेवलो ते सांगताना जरा अडखळणं, तेही वयाचंच. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारत असतील, गॅस चालू राहत असेल, रोजच्या गल्लीत वाट चुकत असतील, किंवा ज्यांचा हिशेब कधी चुकला नाही ते सुट्ट्या पैशांत गोंधळत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं. या शेवटच्या गोष्टीची परीक्षा तर आपोआपच होईल. कापड घेतल्यावर दुकानदाराचं बिल अप्पांना तपासायला द्या. यंत्रानं केलेली बेरीज ते पुन्हा तोंडानं करतील, आणि ती बरोबर आली तर दादाला माझ्याकडून नमस्कार सांगा.

आता जायचं कसं. घटस्थापनेनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत जा. दिवाळीची गर्दी चढली की त्या गल्लीत 81 वर्षांच्या माणसाला उभं राहायला जागा मिळणार नाही, आणि गर्दीच्या हंगामात दुकानदारालाही बोलायला सवड नसते. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूर गाठा, रात्री घरी झोपा. पुण्याहून गाडी घेऊन थेट बाजारात घुसू नका. सकाळी रिक्षानं टिळक चौकापर्यंत जा आणि तिथून चाला. साडेनऊ-दहाच्या आत, शटर अर्धी वर जात असतात तेव्हा. त्या वेळी जुना बाजार पाहायचा असेल तर मान वर करायची. खालचा मजला सगळा काचेचा आणि दिव्यांच्या पाट्यांचा झालाय, पण वर अजून कुठे लाकडी गॅलरी आहे, कुठे गिलाव्यात कोरलेलं साल आहे, कुठे लोखंडी कठड्याची नक्षी. पाट्या वरपर्यंत पोचलेल्या नाहीत. जे तुम्हाला बघायचंय ते तिथे आहे, अप्पांना खाली काम करू द्या.

घडीचं छोटं स्टूल जवळ ठेवा. आताच्या दुकानांत काउंटरपुढे उभं राहूनच खरेदी असते आणि गादी उरलीच असेल तर अप्पांच्या गुडघ्यांना खाली बसून उठता यायचं नाही. पाणी, टोपी, गोळ्या. आणि एक गोष्ट, जी कुणी लिहीत नाही: निघण्याआधी आणि पोचल्यावर लघवीची सोय कुठे आहे ते बघून ठेवा. म्हातारी माणसं बाजारात जायला नको म्हणतात त्याचं निम्मं कारण हे असतं, आणि ते लाजेनं सांगत नाहीत. ज्या दुकानात खरेदी कराल त्यांना आधीच सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

एका सकाळीत एकच दुकान, फार तर दोन. सगळा बाजार पालथा घालायचा नाही. फलटण गल्ली, कोंतम चौक, नवी पेठ हे सगळं राहू द्या. ते स्वतःहून म्हणाले, चल जरा पुढे जाऊ, तर जा. ओळखीचं कुणी भेटलं तर तुम्ही बाजूला सरका. 'हे आमचे अप्पा, यांनी इथे 43 वर्षं काम केलं' अशी ओळख करून द्यायची नाही. बाजारातल्या माणसाची ओळख बाजारानं द्यायची असते. नाही दिली, तर कापडावरून जो भाव होईल त्यावरून दुकानदाराला कळेलच समोर कोण उभं आहे. दुपारी घरी येऊन कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. आणि झोप. संध्याकाळी सिद्धेश्वराला जायचं असेल तर तेही त्यांना विचारून.

राहिलं पुण्याला आणण्याचं. 'आणायचं आम्ही ठरवलंय', तुमचंच वाक्य आहे. अप्पांनी काय ठरवलंय ते पत्रात कुठेच नाही. बाजाराची ही फेरी म्हणजे शेवटची फेरी, हे तुमच्या मनात आहे आणि त्यांच्यापासून लपवलेलं आहे, असं मला वाचताना वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. पण तसं असेल तर आधी घरात बसून बोला, बाजारात जायच्या आधी. अन्यथा ते कापड चोळत असतील आणि तुमचा चेहरा बघतील. आयुष्यभर गिऱ्हाइकाचे चेहरे वाचलेल्या माणसाला तो वाचायला वेळ लागायचा नाही. एकटं राहणं अवघड झालं असेल तर तसं सांगा. थंडीत पुणे, संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सोलापूर असं वर्षभर करून बघता येईल का, तेही विचारा. होम मैदानावरची जत्रा आणि नंदीध्वज सोडून त्या आठवड्यात त्यांना पुण्यात बसवू नका, एवढं माझं वैयक्तिक मत. उन्हाळ्यात मात्र सोलापुरात 81 वर्षांच्या माणसानं एकट्यानं राहू नये, तिथे मी दादाच्या बाजूनं आहे.

पुण्याला आलेच तर त्यांना एक वही आणून द्या. व्यापाऱ्यांची लांब, लाल कापडी बांधणीची. लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला अजून मिळते. आठवणी लिहा म्हणू नका, तसं सांगितलं की माणूस 'माझा जन्म अमुक साली' असं लिहून दुसऱ्या पानावर थांबतो. बाजार मांडा म्हणा. जुन्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. गल्लीलाही डावी बाजू आणि उजवी बाजू असते. ते रेघा न मारता कागदाला घड्या घालून रकाने पाडतील. कुठल्या दुकानाचं तोंड कुठे, ओट्यावर शिंपी कोण, उधारी कोण देत असे, 1972 च्या दुष्काळात कुणी वसुली थांबवली आणि कुणी नाही. दादाचा डाव्या-उजव्याचा वादही त्या वहीत आपोआप मिटेल, किंवा पेटेल.

आणि ते साडेचार रुपये.

दादा त्याला डोक्यावरचा परिणाम म्हणतो. मला उलट वाटतं. दिवाणजीच्या वहीत बाकी उघडी राहिली आहे, आणि ती मिटवल्याशिवाय त्याला वही बंद करता येत नाही. पण तुम्ही दोघांनी एक साधी गोष्ट विचारलेली दिसत नाही. कासार म्हणजे बांगड्या. अप्पांनी त्या स्वतःसाठी घेतल्या नसणार. कुणाच्या हातात भरल्या, कशासाठी भरल्या आणि त्या दिवशी खिशात पैसे का नव्हते, हे विचारा. तुमची आई जाऊन तीन वर्षं झाली, असं तुम्हीच लिहिलंय.

त्या सकाळी मधल्या मारुतीपाशी थोडी चौकशी करा. बाजारातली माणसं कुणाचा मुलगा आता कुठे बसतो ते बरोबर सांगतात. सापडला तर अप्पांच्या हातानं पैसे द्या. हसला तरी घेईल, व्यापाऱ्याचाच मुलगा आहे. नाही सापडला तर मारुतीच्या पेटीत टाका आणि तशी नोंद अप्पांना करू द्या. फक्त पाचचं नाणं टाकून मोकळ्या होऊ नका. अप्पांना वरचे आठ आणे परत हवे असतील आणि मारुती काही सुट्टे देत नाही. 2011 साली बंद झाली ती पंचवीस पैशांपर्यंतची नाणी, आठ आण्यांचं नाणं कायद्यानं अजून चालतं. घरातल्या डब्यांत, देवघरातल्या ताटलीत कुठेतरी एखादं असेलच. जायच्या आदल्या रात्री शोधून ठेवा.